हवालदारांची पारख

कोणी चाकू उघडून दाखवायला लागला की दत्तोबा हवालदार दुसरीकडे बघायचे. विकणारा एकेक पातं उघडून त्याची चमक दाखवत असायचा आणि हवालदार भिंतीवरच्या पालीचा अभ्यास करत बसायचे. तो बोलून दमला की म्हणायचे, "आता मिट." मिटताना मात्र ते डोळे झाकून कान द्यायचे. पातं आत जाताना कमानीचा, म्हणजे आतल्या स्प्रिंगचा, जो आवाज होतो, त्यावर त्यांचा निम्मा निकाल ठरायचा. "उघडायचं काय, चोराचं बी तोंड उघडतंय," ते म्हणायचे. "चाकू मिटताना पारखायचा, गड्या."

मी माण तालुक्यातला. आमच्याकडे पाऊस नाही, त्यामुळे पिकं नाहीत आणि त्यामुळे माणसंही फार उरत नाहीत. बहुतेक सगळे मुंबईला गेले, मी सांगलीला आलो. इथे इंजिन दुरुस्तीच्या एका कारखान्यात मला काम मिळालं, तेव्हा दुसरी मोठी लढाई संपत आली होती. हवालदार पलटणीतून नुकतेच सुटून आले होते आणि कारखान्यातले मुख्य मिस्त्री झाले होते. कृष्णेकाठची पाण्याची इंजिनं बिघडली की आम्ही दोघं सायकलीवरून निघायचो, कधी कधी पार पलूसच्या पुढपर्यंत. सगळी हत्यारं सोबत नेणं शक्य नसायचं. खिशात मावेल असं एकच हत्यार हवं, ज्यानं पट्टा कापता येईल, स्क्रू पिळता येईल, चामड्याला भोक पाडता येईल आणि ग्रीसचा डबा फोडता येईल. असा चाकू कोणता, हा हवालदारांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रश्न होता. पोरीचं लग्नसुद्धा त्यांनी इतक्या विचारानं ठरवलं नसावं.

त्यांची रीत ठरलेली होती. एक चाकू एक आठवडा. त्या आठवड्यात दुसऱ्या हत्याराला हात लावायचा नाही. सोमवारी पट्टा, मंगळवारी स्क्रू, मग डबा, मग चामडं, मग सुतळी आणि बाभळीची फांदी. शेवटच्या दिवशी त्याच चाकूनं ऊस सोलून खायचा. "दिवसभर राबल्यावर जो ऊस सोलंल त्योच खरा," असं त्यांचं म्हणणं. पलटणीत मिळालेल्या चाकूला एकच जाड पातं, डबा फोडायचं एक आणि एक मोठा टोचा. त्याला ते 'रेडा' म्हणत. रेडा कधी दगा द्यायचा नाही, पण बारीक स्क्रूपुढे त्याचं काही चालायचं नाही. कोणा वकिलाकडून मागून आणलेला विलायती चाकू देखणा होता. डबा फोडताना बुधवारीच त्याचं पातं वाकलं, आणि वकिलाला तोंड कसं दाखवायचं म्हणून हवालदार पुढचे पंधरा दिवस लांबच्या रस्त्यानं घरी जात होते. साताऱ्याच्या एका लोहारानं केलेला चाकू दिसायला ओबडधोबड, पण आठवडाभर टिकला. त्यावर हवालदारांचा निकाल असा, "बायकू दिसाय बरी नसली तरी चालंल, भाकरी करपवाय नको." हे त्यांच्या बायकोनं आतून ऐकलं आणि त्या रात्री काय झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही.

जो चाकू नापास व्हायचा, तो ते फेकत नसत. त्याच्याभोवती काळा दोरा घट्ट गुंडाळून, मेण लावून गाठ मारायचे आणि पेटीत ठेवून द्यायचे. चुकून कोणी उघडू नये म्हणून. ह्याला ते 'मुकं करणं' म्हणत. लोकांचा त्यांच्या शब्दावर एवढा भरवसा होता की बाजारात चाकूचा दुकानदार आधी विचारायचा, "हवालदारांनी बघितलाय का?"

माझा भरवसा तर भाबडाच होता. मी तिशी ओलांडलेला, बायकापोरांचा धनी, पण हवालदारांपुढे मी शिकाऊच. इंजिनातलं तेल चिमटीत घेऊन बोटाच्या पेराला त्यातला कचरा कसा कळतो, बेअरिंग ढिलं झालंय हे डोळ्यांआधी बोटाला कसं समजतं, हे त्यांनीच शिकवलं. "डोळं फसत्यात, किसना. बोट फसत न्हाई," ते म्हणायचे. वर्षभरात माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट इतकं तयार झालं की शेतकरी नुसतं ते बोट बघायला येतात असं मला वाटायला लागलं. तेवढ्या एका बोटावर माझं घर चाललं होतं.

हवालदारांची एकुलती एक लेक हौसा मिरजेला दिली होती. सासरी लोखंडी सामानाचं दुकान होतं. लढाई संपल्यावर जावयानं मुंबईहून सात पात्यांच्या चाकूंच्या दोन पेट्या आणल्या. पलटणीचा माल म्हणून कोणीतरी त्याच्या गळ्यात मारला होता. चाकू खपेनात, आणि घरात धुसफूस सुरू झाली. "तुझ्या बापाला म्हणावं एक शब्द बोल," असं म्हणून सासूनं हौसाला माहेरी धाडलं. ती दोन महिने बापाकडे होती. सांगलीत सगळ्यांना वाटत होतं की पोर पंचमीला आली आहे.

श्रावणात एक दिवस हवालदार माझ्याकडे आले आणि सात पात्यांचा चाकू माझ्या पुढ्यात ठेवला.

"खिशात ठिव. आठवडाभर मी वापरलाय. लय झ्याक हाय."

"आवं हवालदार, तुमीच म्हणायचासा न्हवं, सात पाती म्हंजी सात सुना, एक तरी रुसल्याली असती म्हणून?"

"ह्यातली कुणी रुसत न्हाई," ते म्हणाले आणि उठून गेले.

आपण मडकं घेतलं तरी वाजवून घेतो. तो चाकू मी मिटून ऐकलासुद्धा नाही. छातीवरच्या खिशात दिमाखात अडकवला आणि गावभर मिरवला. माझ्याकडे बघून कारखान्यातल्या चौघांनी घेतला, मग नदीकाठच्या बागायतदारांनी घेतला. महिन्याभरात एक पेटी खपली आणि हौसा सासरी गेली.

भाद्रपदात एका इंजिनाचा जुना पट्टा कापत होतो. पातं जाड चामड्यात अडकलं, मी रेटलं, आणि कमान सुटून पातं उलटं फिरलं ते सरळ माझ्या बोटांवर मिटलं. मिरजेच्या दवाखान्यात टाके घातले. मधलं बोट वाचलं. पहिल्याची शीर तुटली होती. ते पुढं कधी वाकलं नाही आणि त्याच्या पेराला पुन्हा काही कळलं नाही. निखारा ठेवला तरी कळत नाही.

कोणी विचारलं की मी सांगायचो, "माझाच धांदरटपणा." चाकू वाईट म्हणालो असतो तर हवालदारांचा शब्द खोटा पडला असता. हवालदार रोज येऊन पायथ्याशी बसायचे, डाळिंब सोलून दाणे हातावर ठेवायचे. मी म्हणालो, "हवालदार, मीच उलटा रेटला." त्यांनी दुसरं डाळिंब फोडायला घेतलं. मला वाटलं, माझं दुःख त्यांना बघवत नाहीये. वाटायचं काय, माणसाला काहीही वाटतं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते आणि त्या दिवशी कोणतंही हत्यार चालवत नाहीत. हवालदारांकडे हा दिवस फार कडक असे. घरातलं झाडून सगळं लोखंड पाटावर यायचं, मोडकी पक्कड आणि मुके केलेले चाकूही. "लंगड्या बैलाचा बी पोळा असतोय," ते म्हणायचे. एकसुद्धा हत्यार पूजेवाचून राहिलं तर वर्षभर हाताला यश नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. मी पट्टी बांधलेल्या हातानं झेंडू वाहायला बसलो. पाटाच्या पार मागच्या कोपऱ्यात फुलांचा जरा जास्तच ढीग होता. मी चार फुलं पुढे घेतली, तर खाली सात पात्यांचा चाकू, माझ्यासारखाच दुसरा. त्याला काळा दोरा बांधलेला, मेणाची गाठ मारलेली.

मी तो उचलला. हवालदार उदबत्ती लावत होते. त्यांनी बघितलं आणि काडी हातातच विझू दिली.

"ह्यो कवा बांधला?"

"आखाडात."

"मला तर तुमी सरावणात दिला."

"व्हय."

"ठावं हुतं तुमास्नी, कमान सुटती म्हणून?"

"तिसऱ्या दिशी सुटली. माझं बोट थोडक्यात वाचलं."

मला राग नीट येईना. रागासाठी माणूस आधी परका वाटावा लागतो. मी एवढंच विचारलं, "मग मलाच का, हवालदार? गावात दुसरं कुणी न्हवतं?"

त्यांनी विझलेली काडी पाटाखाली ठेवली. मग म्हणाले, "दुसऱ्या कुणीबी मिटून बगितला असता. तू बगणार न्हाईस, ठावं हुतं. मी दिल्याला म्हणून."

दिवाळीआधी मी बिऱ्हाड हलवलं. साताऱ्याला एका सरकी-पेंडीच्या वखारीत मोजमापाचं काम मिळालं. त्याला बोट लागत नाही. निघताना मी हवालदारांच्या पाया पडलो नाही. आयुष्यात मोठ्या माणसाच्या पाया न पडता निघालो ती तेवढीच वेळ. वाटेत बायको म्हणाली, "लेकीसाठी केलं त्यांनी." म्हटलं, मलाही लेक आहे. लेकीच्या बापाची तगमग मला कळत होती. फक्त तिची किंमत माझ्या हातातून का काढली, एवढंच कळत नव्हतं, आणि आजही कळलेलं नाही.

तीन वर्षांनी हवालदार गेल्याचा निरोप आला. जाणार नाही म्हणत म्हणत मी तेराव्याला गेलो. गाडीत मनातल्या मनात शब्द जुळवत होतो. मेलेल्याला काही सांगता येत नाही, पण चार माणसांत सांगता येतं. पंगतीत बसलो. घास घेताना ते बोट काठीसारखं ताठ उभं राहतं, लपत नाही. हौसा वाढत होती. कडेवर पोर, अंगावर सासरचं लुगडं, चेहरा रडून सुजलेला. माझ्या पानापाशी ती थांबली.

"किसनादादा न्हवं तुमी? आबा मरूस्तवर तुमचं नाव घेत हुतं. म्हणायचं, सख्खा ल्योक बी इतका इस्वास ठेवणार न्हाई." मग तिची नजर माझ्या हातावर गेली. "इंजनात सापडलं न्हवं बोट? आबांनी सांगितल्यालं."

शेजारच्या पानावर तिचा नवरा मान खाली घालून भात कालवत होता. त्याचा हात थांबला. सगळे शब्द माझ्या तोंडात तयार होते. हौसा उत्तराची वाट बघत उभी होती, बापासारखी मान किंचित तिरपी करून.

"व्हय," मी म्हणालो, "इंजनातच."

तिनं माझ्या पानात भात वाढला आणि पुढच्या पानाकडे गेली.