डाव्या पानावरचे प्रश्न

कामोठ्यातल्या माझ्या क्लासमध्ये परवा एका मुलीने फळ्याचा फोटो काढला आणि वही मिटली. माझं डोकंच फिरलं. "लिहून घे!" म्हटलं, तर म्हणते, "टीचर, फोटो आहे ना. लिहून वेगळं काय होणार?" आता काय कपाळ फोडून घेऊ? घरी आले ती तडक माळ्यावर चढले आणि माझी दहावीची विज्ञानाची वही शोधून काढली. म्हटलं, उद्या धरतेच हिच्या नाकासमोर.

वही उघडली आणि आईच समोर आली.

आई पनवेलच्या बाजारात मासळी विकायची. शाळेची पायरी ती कधी चढली नव्हती. पण मी दहावीला गेले तसं तिने बजावलं, "रोज काय शिकलीस ते मना सांगाचं. नापास झालीस तं माजी मासलीची पाटी तुज्या डोक्यावर, सांगून ठेवते." संध्याकाळी ती मागच्या दारी उरलेले बोंबील साफ करत बसायची आणि समोर मी, वही घेऊन. नुसतं वाचून दाखवलेलं तिला चालायचं नाही. "पोपटासारकी बोलू नको गो बाय. म्हंजे काय, त्ये सांग." मग कळायचं, फळ्यावरचं सगळं उतरवलंय खरं, पण टाळक्यात काहीच शिरलेलं नाही. हळूहळू मी वर्गातच माझ्या शब्दांत लिहायला लागले. संध्याकाळी आईला उत्तर द्यायचं होतं ना!

सर डावं पान आकृत्यांसाठी कोरं सोडायला लावायचे. माझी चित्रकला म्हणजे आनंदीआनंद, त्यामुळे ते पान रिकामंच राहायचं. आई नेमका वहीत कुठेच नसलेला प्रश्न विचारायची. मग मी चिडून तो तिथेच, ती बोलेल तसा खरडायचे आणि पुढे ठरलेले दोन शब्द लिहायचे.

'बरफात मीठ टाकलं का बरफ बेगीन पानी होतो, तरी मासा जास्ती गार कसा? – सरांना विचारणे.'

सरांनी दोन दिवस पुस्तकं चाळली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, वितळायला उष्णता लागते, ती बर्फ माशातूनच ओढून घेतो. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हंजे चोरच की मेला!" आजही मी तो धडा 'चोर बर्फ' म्हणूनच शिकवते आणि एकही पोर तो विसरत नाही.

मी पास झाले. पाटी डोक्यावर आली नाही. आईला जाऊन आता दोन वर्षं झाली. तिचं बोलणं मी मोबाइलमध्ये साठवलं होतं, मोठ्या हौसेने. मोबाइल पाण्यात पडला आणि सगळं गेलं. त्या मुलीला मी कोणत्या तोंडाने बोलले, देव जाणे. आईची बोलायची ढब हल्ली आठवता आठवत नाही, जीव नुसता कासावीस होतो. आणि इथे ती पानोपानी बोलत होती. मी एकटीच हसत होते, रडत होते, पानं उलटत होते.

शेवटचं पान परीक्षेच्या आदल्या दिवसाचं निघालं. त्या दिवसाचं मला काही म्हणता काही आठवत नाही. उजवीकडे घाईघाईत केलेली उजळणी होती. डावीकडे एकच ओळ होती, माझ्याच अक्षरात, मान वर न करताच खरडली असणार अशी.

'तुजी परीक्षा झाली का मना लिवाला शिकवशील ना? – सरांना विचारणे.'

त्यानंतर आई बावीस वर्षं माझ्याजवळ होती. बँकेत शेवटपर्यंत अंगठाच लावत होती.