जोडीदाराची गोळी

आमच्या सांगलीच्या मेंदूविकार वॉर्डात चादरी संपतात, चहा थंड होतो, किस्से मात्र साठतच जातात. आता तर सांगायचाही कंटाळा येतो. पण आबांचा ऐकाच.

आबा म्हणजे कवठे महांकाळकडचे निवृत्त सुभेदार, आता द्राक्षबागायतदार. मेंदूत रक्तस्राव होऊन आले होते. शुद्धीवर आल्यावर मी समजावलं, "आबा, वयामुळं मेंदूतल्या रक्तवाहिन्यांत अमायलॉइड नावाचं प्रोटीन साचलंय. भिंती ठिसूळ झाल्यात. त्यातलीच एक फुटली."

"म्हंजी ठिबकची नळी उन्हानं कडक हून फुटती, तसं?"

"अगदी तसं!"

"मग नळी बदला की!"

बदलता येत नाही म्हटल्यावर ते नाराज झाले. "मग प्रेशर तरी कमी ठेवा!" ब्लडप्रेशरच्या गोळ्या मी तेवढ्यावरच लिहून दिल्या.

* * *

डिस्चार्जच्या वेळी रक्त पातळ करायची गोळी कायमची बंद केली. घेतली तर पुन्हा फुटेल आणि मग वाचवणं अवघड, हे घसा बसेपर्यंत सांगितलं.

आबांच्या बायकोला, काकींना, पटेना. "आवं म्याडम, गल्लीतल्या समद्या म्हाताऱ्यांस्नी ती गोळी हाय. आमच्याच मालकांची बंद? लोक म्हणतील, बाई नवऱ्याकडं बघत न्हाई!"

* * *

गावात माजी सैनिकांचा कट्टा आहे. सकाळी चहा झाला की सगळ्यांच्या खिशातून गोळ्या निघतात. कुणाची संपली असेल तर दुसरा आपल्यातली देतो, तंबाखू द्यावी तशी.

काही महिन्यांत आबा परत आले. नवा रक्तस्राव. वाचा गेली, उजवा हात गेला. मी वैतागून विचारलं, "ती गोळी घेत होते का?" काकी शपथेवर नाही म्हणाल्या.

तेवढ्यात आबांचे पलटणीतले जोडीदार नाना छाती काढून पुढं आले. "म्याडम, त्याची बंद झाली म्हणून मी माझ्यातली देत हुतो की! एक दिस चुकू दिली न्हाई!"

रागवायचंही त्राण उरलं नव्हतं. त्यांना खाली बसवून सगळं समजावलं. नाना बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मला दोघांचंही फार वाईट वाटलं.

* * *

नाना रोज एसटीनं येतात. आबा कुणालाच ओळखत नाहीत, काकींनाही नाही.

परवा मी राउंडला होते. नानांना हृदयासाठी तीच गोळी लागते. त्यांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं, चांदीचा कागद कुरकुरला आणि आबांचा डावा हात पुढं आला. तळवा उघडा.

नाना गोळी मुठीत धरून तसेच उभे राहिले. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले,

"म्याडम, त्येला जरा खिडकीकडं बघाय लावा. मला गोळी खायाची हाय."