हॉलची मोठी भिंत आईंनी मला दिली

डीजेमुळे माझ्या सासूबाईंचं गाणं बंद पडलं. आणि त्यांना सून मिळाली ती डीजे.

आज सकाळी आई गेल्या.

आई रोडपालीच्या. धवलारीण. म्हणजे आगरी लग्नात एकेका विधीला धवले गाणारी बाई. आसपासच्या गावांत त्यांच्याशिवाय हळद लागायची नाही म्हणे.

मग हळदीला डीजे यायला लागले. आईंना बोलावणं कमी झालं. पुढे थांबलंच.

हे मला लग्नानंतर कळलं. मी माझी टर्नटेबल्स आणि रेकॉर्ड्सचे खोके गपचूप पलंगाखाली सरकवले. वीकेंडचे प्रोग्रॅम घेणं सोडून दिलं. कुणी काही म्हटलं नव्हतं. माझंच मन होईना.

नवीन फ्लॅट घेतला तेव्हा हॉलमध्ये टीव्ही युनिटचं माप घ्यायला सुतार आला. आईंनी त्याला थांबवलं.

"टीव्ही बेडरूममधी लावा. या भिंतीवर पोरीचं सामान येल."

मी म्हटलं, "आई, नको. खरंच नको."

"पलंगाखाली झाडू मीच मारते ना? खोकी ओली झाल्यान. सगला माल कुजवाचा हाय का?"

नवऱ्याची आत्या तिथेच बसली होती. ती म्हणाली, "वयनी, ज्यांनी तुमचं गानं बंद केलं, त्यांनाच घरात जागा?"

आई अजिबात चिडल्या नाहीत.

"माजं बंद झालं तवा मला कोनी इचारलं नाय. आता हिचं पन बंद करू?"

मी किचनमध्ये जाऊन रडले.

त्यानंतर कपाटाचं डिझाइन आमच्या दोघींचं. इंटरनेटवरचे फोटो मी दाखवायचे, नापास त्या करायच्या.

"या थाल्यांसारख्या एकावर एक ठेवल्या तं?"

"वाकतात आई. उभ्याच ठेवाव्या लागतात."

"मंग ताटालं कर ना!"

तेच केलं. ताटाळ्यासारखे अरुंद कप्पे, रेकॉर्ड्स सरळ उभ्या. वजन भरपूर, म्हणून जाड प्लाय. टर्नटेबल्सचा ओटा मात्र कपाटापासून वेगळा, नाहीतर दार आपटलं की सुई उडते.

ओट्याच्या उंचीवर सुतार म्हणाला, "टेबलाची उंची ठेवतो." आईंना पटेना. गावच्या घरी स्वयंपाकाचा ओटा ठेंगणा झाला आणि आयुष्यभर त्यांची कंबर दुखली. त्यांनी मला रिकाम्या हॉलमध्ये उभं केलं. "वाजवतेस तशी उभी र्‍हा." मी हवेत हात धरले. त्यांनी कोपरापासून जमिनीपर्यंत सुतळी लावली, गाठ मारली आणि सुताराच्या हातात दिली.

आज इतकी वर्षं तासन्‌तास उभी राहून वाजवते. कंबर कधीच दुखली नाही.

पहिली रेकॉर्ड लावली तेव्हा आई समोर मांडी घालून बसल्या. दोन्ही बाजू ऐकल्या.

मग हळूच म्हणाल्या, "यात माजा आवाज पन भरता येल?"

किती तरी दुपारी आम्ही धवले रेकॉर्ड केले. शब्द अडला की डोळे मिटायच्या. आठवला की माझ्या मांडीवर जोरात थाप!

आईंच्या पुतण्याच्या हळदीला मी आधी माइक त्यांच्या हातात दिला. पोरं नाचायला आली होती. खुर्च्या ओढून बसली. धवला संपल्यावर मी वाजवायला घेतलं, तेव्हा सगळ्यात पुढे नाचायला कोण? आईच.

त्या हळदीनंतर तळोज्याहून फोन आला. "सासू-सून दोघी या."

गेलो. मग आणखी ठिकाणी गेलो. नवी साडी, केसात अबोली, आणि गाडीत पुढची सीट आईंचीच.

सासरी नमतं घ्यायचं असतं, असं माहेरून शिकून आले होते मी. तुम्ही मला तसं राहूच दिलं नाहीत.

आई, माझं वाजवणं तुम्ही वाचवलंत. हे मी तुम्हाला तोंडावर सांगितलं होतं, तेवढं एक समाधान आहे.

खूप आभार, आई.

निवांत जा.