सात-दहाच्या बसमधली पाहुणेमंडळी

बाईंनी सव्वीस वर्षं शहराची बस चालवली. रोज सकाळी डेपोत नळीत फुंकर मारायची, प्यायलेलं नाही हे दाखवायचं, मगच चावी मिळायची. त्यामुळे दारूचा थेंबही त्यांच्या ओठाला कधी लागला नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी सात-दहाच्या फेरीतल्या पाच नेहमीच्या प्रवाशांना घरी जेवायला बोलावलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "जेवणाबरोबर वाईन ठेवू या. चांगली."

"तुला त्यातलं काय कळतं?"

"काडीचंही नाही. पण दुकान माहितीये."

माहीत असणारच. दुकानासमोरच त्यांचा थांबा होता. आत मात्र त्या पहिल्यांदाच गेल्या. दुकानदार बघतच राहिला.

"अहो, तुम्ही बसवाल्या ताई! एवढ्या उंच आहात होय? मी आजवर तुम्हाला बसच्या खिडकीतून खांद्यापर्यंतच पाहिलंय!"

बाई खळखळून हसल्या. पण भिंतभर बाटल्या बघून पुन्हा गोंधळल्या.

"जेवायला काय करताय?" त्यानं विचारलं.

"कोंबडी भाजतेय, मशरूम घालून."

"आणि येणार कोण?"

झालं, बाईंची गाडी सुटली. नर्सबाई कामावरून दमून येतात, त्यांना जड काही नको. मास्तर जुन्या वळणाचे, एकच पेला घेतील. जुळ्या बहिणींपैकी एक हो म्हणाली की दुसरी नाही म्हणणारच. आणि बँकेतले कारकूनसाहेब? ते तर कशातही खोट काढतात!

दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं आणि एक हलकी लाल वाईन पुढे केली. "ही कुणाशी भांडत नाही."

"मग हीच द्या. दोन."

शनिवारी संध्याकाळी बेल वाजली. नर्सबाईंच्या हातात बाटली होती. तीच! पाठोपाठ मास्तर आले, तीच. कारकूनसाहेब, तीच. जुळ्या बहिणी वेगवेगळ्या वेळी आल्या, वेगवेगळ्या पिशव्या घेऊन, आणि दोन्ही पिशव्यांत तीच. बाईंनी दुकानात फोन लावला.

"मी तरी काय करू?" तो म्हणाला. "जो तो येऊन विचारतोय, बसवाल्या ताईंना काय आवडतं? मी आपली तुम्ही नेलीत तीच दिली!"

बाईंना हसू आवरेना. डोळे पुसत त्यांनी पाहिलं, तर कुणी न सांगताच मंडळी बसमधल्यासारखीच बसली होती. मास्तर खिडकीशी, जुळ्या मागे भिंतीला टेकून, मध्ये एक खुर्ची सोडून.

सगळे बाईंच्या पहिल्या घोटाकडे डोळे लावून होते. त्यांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आंबट आहे की हो!"

एकच हशा पिकला. कोंबडीच्या घासाबरोबर त्यांनी दुसरा घोट घेतला. "हं, आता कसं जमलं." कारकूनसाहेबांनी एकही खोट न काढता पेला पुन्हा पुढे केला, तेव्हा मास्तरांनी टाळ्या वाजवल्या.

चार बाटल्या उरल्या. "त्या संपवायला दर महिन्याला यायचं," बाईंनी फर्मान काढलं. मंडळी आली, अगदी वेळेवर. पाचव्या महिन्यात नर्सबाईंनी सगळ्यांना आपल्या घरी बोलावलं. बाई तिथं बसनं गेल्या, नवऱ्याशेजारी बसून, आणि वाटभर नव्या ड्रायव्हरचं कौतुक करत होत्या. फक्त ब्रेक जरा उशिरा दाबतो म्हणाल्या.