खुणेच्या अलीकडे

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. दादाच्या नाकावर मात्र माशीसुद्धा निवांत बसून जाईल. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, भुयारी रेल्वेचा ड्रायव्हर. ब्रेक असा लावायचा की उभ्या माणसाच्या हातातला चहा हलू नये.

एका सकाळी त्याची गाडी मधल्या एका स्टेशनात शिरत असताना ऑफिसला निघालेला एक तरुण गाडीसमोर पडला. पाय घसरला, धक्का लागला की त्यानेच उडी टाकली, कुणालाच कळलं नाही. दादाने ब्रेक लावला, पण गाडी म्हणजे काय सायकल आहे? ती त्याच्या पुढे जाऊन थांबली. चौकशीत दादाची चूक नाही असं ठरलं आणि रजा संपल्यावर तो मुकाट्याने कामावर गेला.

तेव्हापासून त्या एका स्टेशनात त्याची गाडी रांगत शिरायची. बाकीचे ड्रायव्हर त्याला गोगलगाय म्हणायचे, प्रेमानेच. साहेबही काणाडोळा करायचे.

मग तिथे फलाटाच्या कडेने काचेची भिंत आली, दारं असलेली. गाडीची दारं भिंतीच्या दारांसमोर आली की दोन्ही एकदम उघडतात. वहिनी म्हणाली, "बरं झालं बाई, आता कुणी पडायचं भय नाही. यांना झोप तरी लागेल."

कसली झोप आणि कसलं काय! दारांसमोर दारं यायला गाडी रुळांशेजारच्या पिवळ्या खुणेपाशीच थांबावी लागते, फार तर वीतभर इकडेतिकडे. दादा चांगला एका दाराएवढा अलीकडे थांबायचा. आतल्या लोकांच्या तोंडासमोर काच. ते वैतागायचे, मग हा गाडी हळूच पुढे घ्यायचा. पूर्वी असं थांबलं तरी खपून जायचं, आता नाही. इतर स्टेशनांत बिनचूक, आणि इथे मात्र कितीही सांगा, पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी साहेब म्हणाले, सोमवारी मी स्वतः तुमच्या शेजारी उभा राहतो. चुकलात तर गाडी चालवणं बंद, डेपोत डबे धुवायचे. दादाने घरी हे सांगितलं ते भाजी महागली म्हणून सांगावं तसं.

"धुवू देत डबे," वहिनी म्हणाली. "माणूस धड राहिला म्हणजे झालं."

मी भडकलेच. याने आयुष्यात गाडी चालवण्याखेरीज दुसरं काही केलं नाही की मागितलं नाही. "दादा, तुला खूण दिसत नाही का रे?"

"दिसते."

"मग?"

तो नखं बघत म्हणाला, "त्या खुणेच्या जरा अलीकडे पडला होता तो."

"अरे, पण आता काच आहे ना!"

"आहे. मला वेड नाही लागलेलं. पण मी आत शिरलो की तो पडतोच. आणि मी आधीच थांबलो, की वाचतो गं. रोज वाचतो."

वहिनीने हातातलं ताट खाली ठेवलं. पण माझी जीभ कुठे थांबते? "दादा, तो मेलाय. तू रोज वाचवतोस, पण त्याच्या आईकडे तो एकदाही परत गेलेला नाही." बोलले ते बोलले. दादा उठला आणि आतल्या खोलीत जाऊन पडला.

सोमवारी मी काम टाकून त्या फलाटावर उभी राहिले. गाडी आली, आणि आज ती रांगत नव्हती. काचेतून दादाचा चेहरा दिसला, पांढराफटक, ओठ घट्ट मिटलेले. ती जागा मागे पडली, गाडी खुणेपाशी थांबली, सगळी दारं एकदम उघडली. लोक मोबाईल बघत उतरले आणि जिन्याकडे गेले. साहेबांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवलेला मी पाहिला.

संध्याकाळी तो घरी आला. वहिनीने विचारलं, "जमलं?"

"जमलं. गाडी माझ्याकडेच राहिली." बूट काढायला तो खुर्चीवर बसला, एक काढला आणि दुसऱ्याची नाडी हातात धरून तसाच राहिला.

"आज गेला गं तो," दादा म्हणाला, आणि अपघाताच्या दिवशीही जो रडला नव्हता, तो रडायला लागला.