जैनोद्दीनचा दोरा

“माझा दोरा आजवर एका मैलानं चुकला न्हाय,” असं जैनोद्दीन म्हणायचा.

निजामाच्या काळात तो हैदराबादच्या विमानतळावर कारकून होता. नकाशावर दोन गावांना टाचण्या टोचायच्या, मधे लाल रेशमी दोरा ताणायचा, त्यावरून मैल काढायचे आणि त्यांना विमानाच्या वेगानं भागायचं, हे त्याचं काम. सुट्टीत आपल्या गावी, वाशीला आला की महालिंगप्पाच्या तेलाच्या दुकानात बसून फुशारकी मारायचा, “इथून हैदराबाद सरळ दोनशे मैल. आमचं विमान सव्वा घंट्यात यील.”

विलीनीकरणानंतर चौकशा सुरू झाल्या. महालिंगप्पानं जबानी दिली, की रझाकार वाशीत शिरले त्या दुपारी जैनोद्दीन त्यांच्यात होता. हजेरीत तर त्या सकाळची त्याची सही हैदराबादची होती. साहेबानं विचारलं तेव्हा महालिंगप्पा म्हणाला, “इमानवाल्याला काय अवघड? सव्वा घंट्यात येतो. त्यानंच सांगितलंय.” वाशीत विमान उतरलं कुठं, ज्वारीच्या रानात काय, हे कुणी विचारलं नाही. नोकरी गेली. वर्षभर तुरुंग.

नंतर तो वाशीच्या बाजारात सायकलींची पंक्चरं काढू लागला. भिंतीवर तोच नकाशा. लोक थट्टेनं मक्का विचारत, लंडन विचारत.

“मियाँ, चंद्र किती लांब?”

“टाचणी घिऊन तू वर जा. दोरा म्या धरतो.”

महालिंगप्पाचं दुकान समोर, बारा पावलांवर. दहा वर्षांत जैनोद्दीननं ती बारा पावलं टाकली नाहीत.

एकोणसाठ साली एका पहाटे महालिंगप्पा वारला. मुलगा बंडप्पा कलकत्त्याला नोकरीत. दुपारी त्याची तार आली: आज विमानानं मुंबईला निघतो, थांबा. मठाचे स्वामी म्हणाले, “उद्या दुपारपर्यंत थांबू. त्याच्यापुढं न्हाय.” पोरगं तोवर पोचेल का, ते कुणालाच सांगता येईना. महालिंगप्पाच्या बायकोनं, रुद्रम्मानं, जैनोद्दीनला बोलावून घेतलं.

तो नकाशा घेऊन आला. लिंगायत रीतीनं भिंतीला टेकवून बसवलेला महालिंगप्पा, कपाळभर विभूती, तोंड थेट त्याच्याकडं. जैनोद्दीननं कलकत्त्याच्या दमदमला टाचणी टोचली, मुंबईच्या सांताक्रूझला टोचली, दोरा ताणला. हजार तीस मैल. ताशी तीनशे. साडेतीन तास. रात्रीच्या मेलनं कुर्डुवाडी, तिथून मोटार. उद्या सकाळी नऊ.

“जैनूभाऊ, लेकराला बापाचं तोंड दिसंल का?” रुद्रम्मानं विचारलं.

त्यानं महालिंगप्पाकडं पाहिलं.

“परवा सांज हुईल, भाभी. लई लांब हाय.”

दिवस मावळायच्या आत माती झाली.

सकाळी नऊला बंडप्पा मोटारीतून उतरला. तासाभरानं जैनोद्दीनला पुन्हा बोलावणं आलं. भिंतीपाशी आता नुसती विभूती सांडलेली होती.

“चाचा,” बंडप्पाचा आवाज फाटला होता, “साडेतीन तासांत मुंबईला उतरलो मी. तुम्हाला माहीत नव्हतं?”

रुद्रम्मानं त्याला थांबवलं. ती जैनोद्दीनकडं वळली.

“ह्यांनी तुमास्नी सव्वा घंट्यात आणलं हुतं,” ती हळू म्हणाली. “आज एवढंच सांगा भाऊ. दोरा चुकला, का तुमी?”

दोरा त्याच्या बोटाला गुंडाळलेला होता. बोट काळंनिळं पडलं होतं. दोरा चुकला म्हटलं असतं तर तो सुटला असता.

उंबऱ्याशी त्यानं चपला पायात सरकवल्या आणि तो बाहेर पडला.