ऑप्शनला टाकलेली पोरगी

फेब्रुवारी लागला की आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भूमितीचे सर जागे होतात. आता ते रिटायर झालेत, वेळच वेळ आहे. रोज सकाळी गुलाबाच्या फुलाखाली एक मेसेज येतो. यशस्वी अभ्यासाची सूत्रे. मन शांत ठेवा. वेळापत्रक करा. त्याखाली गावभरच्या लोकांचे जोडलेले हात. मी ते वाचते आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते. अभ्यास कसा करावा हे मला ह्या माणसानं डोंबल शिकवलं. जिनं शिकवलं ती बाई त्या ग्रुपवर नाही. तिच्याकडं साधा फोन आहे आणि ती चौथीच्या पुढं शाळेत गेली नाही. ती माझी आई.

आखाडा बाळापूरच्या अलीकडं आमचं गाव. दहावीला मी तिथूनच शाळेत जायची. सरांच्या पद्धतीचा आजूबाजूला फार बोलबाला होता. जानेवारी आला की ते अपेक्षित प्रश्नांचं पुस्तक घेऊन बसायचे आणि लाल पेनानं धडेच्या धडे कापायचे. हे ऑप्शनला टाका, तेही ऑप्शनला टाका. ऑप्शनला टाकणं म्हणजे काय ते दहावीतल्या कुठल्याही पोराला विचारा. तो धडा उघडायचाच नाही, त्याचे मार्क गेले असं धरून चालायचं. उरलेल्या प्रमेयांना सरांनी नंबर दिले होते. पाच नंबर म्हटलं की उभं राहून पाच नंबरचं प्रमेय फडाफडा म्हणायचं. मधेच कुणी काहून, म्हणजे का, असं विचारलं तर खडू यायचा अंगावर. डोकं लावू नका म्हणायचे, लावायला तुमच्याकडं आहे कुठं. वर्ग हसायचा. मीपण हसायची, आता सांगायची लाज वाटते.

सराव परीक्षेत मला भूमितीत चाळीसपैकी नऊ पडले. शेवटच्या बाकावर आम्ही तिघी बसायचो, तिघींची तीच गत. पेपर वाटून झाल्यावर सर फळ्यापाशी उभं राहून म्हणाले, "महत्त्वमापनाचा धडा आन् हा शेवटचा बाक, दोन्ही मी ऑप्शनला टाकलेत." त्या दिवसापासून त्यांनी आमच्या वह्या तपासल्या नाहीत. आम्ही हजर असलो काय, नसलो काय, त्यांना सारखंच.

घरी बाबांनी आरडाओरडा केला नाही. ते दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते आणि फार कमी बोलायचे. एवढंच म्हणाले की बोर्डात एक जरी विषय राहिला तर शाळा बंद, आईसोबत हळद वेचायला जायचं. बाबा एकदा बोलले की ते तसंच व्हायचं. मला अकरावीला हिंगोलीला जायचं होतं, बाकी काही नको होतं.

मग पालकांची मीटिंग झाली. आई हळदीच्या रानातून तशीच आली, हात कोपरापर्यंत पिवळे. तिनं सरांना विचारलं की माझ्या लेकराचं कसं काय आहे. सर शेजारच्या मास्तरांकडं बघून हसले आणि म्हणाले की तिला मी ऑप्शनला टाकलंय. आई म्हणाली, "लई बरं केलं सर." सगळे मास्तर खो खो हसले. आईपण हसली.

मला आधी कळेचना ती का खूश झाली. रस्त्यानं येताना उलगडा झाला. आमच्याकडं लेकराला शाळेत टाकतात, इंग्लिश मीडियमला टाकतात, स्कॉलरशिपला टाकतात. आईला वाटलं, ऑप्शन नावाचा काही खास वर्ग आहे आणि सरांनी निवडून तिच्या पोरीला त्यात टाकलंय. मी तिला खरं सांगितलं नाही. काय सांगणार होते? दुसऱ्या दिवशी रानातल्या सगळ्या बायांना कळलं की हिची पोरगी ऑप्शनला आहे. आठवड्यानं आईनं घरच्या शेंगा भाजल्या, पिशवी भरली आणि स्वतः नेऊन सरांच्या टेबलावर ठेवली. सरांनी त्या खाल्ल्या. माझ्यादेखत, टरफलं टेबलावर टाकत, दुसऱ्या मास्तरांना ह्या ऑप्शनच्या शेंगा म्हणून वाटत खाल्ल्या. मी व्हरांड्यात उभी होते. त्या दिवशी ह्या माणसाचं वाटोळं होवो असं मी मनात म्हटलं, आणि ते मी अजून मागं घेतलेलं नाही.

त्याच संध्याकाळी आईनं भाकरी थापता थापता विचारलं, आज ऑप्शनात काय शिकवून राहिले? मी काहीतरी थाप मारायची म्हणून पाच नंबरचं प्रमेय म्हटलं. वर्तुळाच्या बाहेरच्या एका बिंदूतून दोन स्पर्शिका काढल्या तर त्या समान लांबीच्या असतात. आई म्हणाली, मला दाखव. मी अंगणात परात पालथी घातली, तिच्याभोवती काडीनं गोल रेघ मारली. बाहेर एक खडा ठेवला आणि खड्यापासून गोलाला नुसत्या टेकतील अशा दोन रेघा ओढल्या. आईनं पिठाच्या हातानं वीत टाकून दोन्ही मोजल्या.

"बराबर हायेत," ती म्हणाली. "पण काहून?"

मी प्रमेय परत फडाफडा म्हटलं. ती म्हणाली, ते झालं, पण काहून? आणि मला सांगता येईना. वर्षभर पाठ केलेलं प्रमेय, आणि त्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. आईचा राग आला. वही आपटली. तुला काय कळतंय त्यातलं म्हणून ओरडले तिच्यावर. ती भाकरी थापत राहिली. मला मात्र ते काहून सोडेना. सकाळी उठून मी ती सिद्धता पहिल्यांदा ओळ न् ओळ वाचली. गोलाच्या मधोमध एक बिंदू, तिथून त्या टेकल्या जागांपर्यंत दोन त्रिज्या, आणखी एक रेघ खड्यापर्यंत. दोन त्रिकोण झाले, दोन्ही काटकोनाचे. त्रिज्या सारख्या, मधली रेघ दोघांची एकच. मग उरलेली बाजू वेगळी कशी असेल? संध्याकाळी आई आली तेव्हा मी पुस्तक न उघडता तिला अंगणात हे काढून दाखवलं. तिनं दोन्ही त्रिकोणांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, व्हय, आता पटलं. मला बोर्डात आल्यासारखं वाटलं.

मग ते रोजचंच झालं. तिला वाटायचं ऑप्शनच्या वर्गात रोज काहीतरी शिकवतात, म्हणून मला रोज काहीतरी शिकून ठेवणं भाग होतं. सकाळी वाचायचं, पुस्तक मिटायचं, संध्याकाळी तिला सांगायचं. जिथं अडकले तिथं वहीत पेन्सिलनं गोल करायची, आणि दुसऱ्या दिवशी आधी तेच सांगायची. आईची खोड अशी की चार दिवसांनी भांडी घासताना मधेच विचारायची, त्या खड्याच्या रेघा काहून बराबर होत्या गं? मी वैतागायची, परत काय तेच तेच. पण सांगावं लागायचं, आणि दर वेळी ते आणखी पक्कं व्हायचं. तिचं पिवळं बोट जिथं जिथं टेकलं ते डाग माझ्या भूमितीच्या वहीवर अजून आहेत. एकदा तिनं बादली पुढं केली. ही वर रुंद न् खाली अरुंद, हिच्यात पाणी किती मावतं ते तुमच्या ऑप्शनात सांगत्यात का? तो धडा सरांनी लाल पेनानं कापलेला, महत्त्वमापनाचा. मी तो मुद्दाम काढला. सरांनी टाकलेलं म्हणूनच काढला. असल्या बादलीला पुस्तकात शंकूछेद म्हणतात हे मला तेव्हा कळलं.

बोर्डाच्या पेपरात बादलीच आली. पुढच्या बाकांवरचे हुशार एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले. मी ते गणित पेन न उचलता सोडवलं, आणि खरं सांगते, त्यांची तोंडं बघून मला फार बरं वाटलं.

गणितात मला एकसष्ट पडले. सरांच्या आवडत्या कित्येकांपेक्षा जास्त. माझ्या बाकावरच्या दोघींचं गणित राहिलं. त्यांना संध्याकाळी काहून विचारणारं कुणी नव्हतं आणि सरांनी तर टाकूनच दिलं होतं. एकीचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. सर आज मन शांत ठेवा म्हणतात तेव्हा मला ती आठवते.

मार्कशीट आणायच्या दिवशी आईनं पेढ्यांचा डबा घेतला, आठवीतल्या माझ्या धाकट्या बहिणीला सोबत घेतलं आणि शाळेत आली. सगळे मास्तर बसलेले. आईनं डबा उघडून सरांपुढं धरला. म्हणाली, तुमी ऑप्शनला टाकलं म्हणून पोरगी पास निघाली, आता ह्या धाकटीलाबी ऑप्शनला टाका. सर डब्यात हात घालत म्हणाले की टाकू की, अवश्य टाकू. कोपऱ्यातले एक मास्तर फिसकन हसले.

पाच महिने मी हे पोटात ठेवलं होतं. पण धाकटी तिथं उभी होती, दोन वेण्या घालून, सरांकडं आशेनं बघत.

"आई," मी म्हटलं, "ऑप्शनला टाकणं म्हणजे सोडून देणं. त्यांनी मला सोडून दिलं होतं. तसला वर्ग कुठंच नाही."

आईनं माझ्याकडं बघितलं, मग सरांकडं. तिचा चेहरा एवढासा झाला. सरांच्या हातात पेढा तसाच. आईनं डबा मागं घेतला, झाकण लावलं आणि हळू आवाजात विचारलं, "मंग सर, माझ्या शेंगा काहून खाल्ल्या?"

सर मार्कशीटच्या गठ्ठ्यात काहीतरी शोधायला लागले. तो प्रश्न त्यांनी ऑप्शनला टाकला.